शिवणीतली माया

गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि नव्या माणसाला हटकून वाटे की ही कुठल्यातरी शाळेत शिकवते. शिकवण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. नवरा टेलरमास्तर होता. तो गेल्यावर त्याचं शिवणयंत्र, कात्री आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे आली, आणि त्यांच्या मागोमाग ही पदवीही आली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी यंत्र, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, वर लोखंडी दांडीला टांगलेले तयार कपडे, आणि मागच्या दारातून थेट स्वयंपाकघर. यंत्र चालू असलं की फोन ऐकू यायचा नाही, म्हणून ती हल्ली फोन मांडीवर घेऊनच शिवायला बसे. फोन चिंगीचा यायचा होता, आणि आला तरी तो दोन वाक्यांत संपायचा, हेही तिला ठाऊक होतं.

चिंगी तिची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की नर्सनं टॉवेलात गुंडाळून हातात दिली तर मास्तर म्हणाला, "अहो, नुसता टॉवेलच दिलात, मूल कुठंय?" तेव्हापासून ती चिंगी. पुढे शाळेत जायला लागली आणि हळूहळू अंगानं भरत गेली, तशी गल्लीला या नावाची फार मौज वाटू लागली. कसली चिंगी, चांगली ढोली झालीय की, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे आणि वर गालगुच्चाही घ्यायचे. म्हणणारी माणसं काही दुष्ट नव्हती. आजारपणात हीच माणसं धावून यायची. पण दुसऱ्याच्या मुलीचं अंग म्हणजे जणू चौकातला नळ, येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल हात लावावा, असा त्यांचा समज होता.

मास्तरीणबाईंनी त्यावर आपला एक उपाय काढला होता. तिला भांडता यायचं नाही, शिवता यायचं. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. पुढेमागे अंगावरचा कपडा घट्ट व्हायला लागला, तर टीप उसवून ही माया सोडता येते. इतरांच्या कपड्यांत ती बोटभर माया ठेवायची. चिंगीच्या फ्रॉकला, गणवेशाला, पुढे कॉलेजच्या कपड्यांना चांगली चार-चार बोटं. पोरगी बाहेर गेली की ही कपाटातून तिचा कपडा काढायची, काखेखालची शिवण उसवायची, थोडी माया सोडून नवी टीप घालायची, जुन्या टिपेच्या खुणांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची आणि कपडा होता तसा टांगून ठेवायची. टेप लावून माप असं तिनं लेकीचं कधी घेतलंच नाही. नुसत्या नजरेनं तिला कळायचं. चिंगीला वाटे, आपण आहोत तशाच आहोत. कपडा कधी काचत नव्हता, मग लोक चेष्टा करतात ती करतात, त्यात काय मोठंसं. आणि आईला वाटे, जमलं बुवा आपल्याला. कुणाला पत्ता लागू न देता लेकीला जगापासून झाकल्याचा तिला मनातून फार अभिमान होता.

मग चिंगीला लांबच्या शहरात नोकरी लागली. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, आज सकाळपाळी तर उद्या रात्रपाळी. नवीन मैत्रिणी मिळाल्या. थंडी सुरू झाली तशा त्या सगळ्या मिळून तयार कपड्यांच्या दुकानात कोट घ्यायला गेल्या. चिंगीनं आयुष्यात पहिल्यांदा तयार कपडा अंगात घालून पाहिला. एक कोट खांद्यात अडकला, दुसऱ्याची बटणं लागेनात, तिसऱ्यातून हात बाहेर काढायला मैत्रिणीला बोलवावं लागलं. विकणारी मुलगी दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडून म्हणाली, "त्यांच्या मापाचं नाही येत आमच्याकडे!" सगळं दुकान वळून बघायला लागलं.

खोलीवर येऊन तिनं अंगातला घरचा कपडा उलटा करून पाहिला, तर काखेखाली जुन्या टिपांच्या खुणा एकापुढे एक दिसल्या. त्याच संध्याकाळी फोन आला.

"आई, तू माझे कपडे उसवायचीस?"

मास्तरीणबाईंचा पाय यंत्रावर तसाच राहिला. "थोडेसे गं. कधीमधी."

"मला सांगितलं का नाहीस?"

जे तोंडात आलं ते ती बोलून गेली. "जेवलीस का?"

फोन बंद झाला. त्यानंतर चिंगीचे फोन यायचे, नाही असं नाही. बरी आहे, कामात आहे, ठेवते. घरी मात्र ती आली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाली, मग गाडीचं तिकीट मिळत नाही म्हणाली, मग काहीच म्हणेनाशी झाली. दांडीवर एखादा फिकट निळा कपडा टांगला असला की मास्तरीणबाई तो इतर कपड्यांच्या मागे सरकवायची, कारण तो रंग चिंगीचा. घरात दोन खोल्या, पण पोरगी गेल्यापासून त्या तिला खायला उठत. जेवताना ताट एकच मांडायचं हे अजून तिच्या हाताला शिकवावं लागत होतं.

तिच्या डोक्यानं एकच घेतलं होतं. कुठंतरी आपलं चुकलं, म्हणून पोर जाड झाली. जाड झाली म्हणून तिचा पाणउतारा झाला. पाणउतारा झाला म्हणून ती आपल्यापासून तुटली. म्हणजे ती जाड का झाली हे एकदा नेमकं कळलं, की बाकीचं उसवत मागे जाता येईल. टेलर माणसाची ही खोडच असते. कुठं बिघडलं तो टाका सापडला की त्याला वाटतं, सगळा कपडा सुधारता येईल.

म्हणून जेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला, की शाळेच्या वर्गात दुपारी सभा आहे, विषय 'माणसं लठ्ठ का होतात', तज्ज्ञ येणार आहेत आणि लोकांनीही आपलं मत सांगायचं आहे, तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

आता लठ्ठपणावर बोलायला माणसं बोलावली आणि बसायला दिली पहिलीतल्या पोरांची बाकं, याला काय म्हणावं! बारीक माणसं गुडघे छातीशी घेऊन कशीबशी मावली. बेकरीवाल्याची बायको दारापर्यंत आली, बाकांकडे एकदा बघितलं आणि "मला उभंच बरं वाटतं" म्हणत मागच्या भिंतीला टेकली. जिच्यासाठी सभा होती ती अशी सभा संपेपर्यंत उभी राहिली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या होत्या. शेजारी बाहेरून आलेली एक संशोधक बाई, जाड भिंगांचा चष्मा, फारसं न बोलणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी तुमचं ऐकू. तुम्हाला काय वाटतं, लोकांचं वजन का वाढतं?"

गल्लीला एवढंच हवं होतं.

"आळस!" न्हावीदादा बसल्या जागेवरून ओरडला. तो स्वतः दिवसभर उभ्यानं काम करायचा आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

"मोबाइल," त्याच्यापुढचे निवृत्त कारकून म्हणाले. ते म्हणताना त्यांचा स्वतःचा मोबाइल हातातच होता.

"बेकरी!" कुणीतरी म्हणालं, आणि बेकरीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय कुणाच्या तोंडात कोंबतो का?"

"काहींची हाडंच जाड असतात हो."

"रक्तातच असतं. आमच्या आत्याकडे बघा, वारा खाऊन फुगते."

"ते काही नाही," न्हावीदादानं पुन्हा सूत्रं हाती घेतली. "आया लाडावून ठेवतात. डोक्यावर बसवतात पोरांना. लांब कशाला जायला हवं? आपल्या मास्तरीणबाईंची चिंगी घ्या."

वर्गातली सगळी डोकी वळली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चिंगी म्हणजे गल्लीचंच उदाहरण. मास्तरीणबाईंचे कान तापले. पण ती आली होती कारण शोधायला, आणि इथं तर विचारतच होते. ती बाकातून अर्धवट उठली आणि एवढ्या लोकांत जन्मात पहिल्यांदा बोलली.

"चूक माझीच आहे. मी जरा जास्तच माया ठेवली."

नळ सुटावा तसे सगळे एकदम हसले, पण प्रेमानं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा तर अगदी मऊ झाला. "बघा, किती मोकळेपणानं बोलल्या! हे फार महत्त्वाचं आहे," असं म्हणून त्यांनी फळ्यावर आळस, मोबाइल आणि बेकरी यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आईची माया.' मग आयांनी आग्रह करून वाढू नये, ताटातलं संपवच म्हणून मागे लागू नये, प्रेम वेगळं आणि खाणं वेगळं, असं त्या बराच वेळ समजावून सांगत राहिल्या. बायका माना डोलावत होत्या.

मास्तरीणबाई उभीच होती. तसं नाही हो, मी कापडाबद्दल बोलतेय, असं ती म्हणणार होती. शब्द ओठांवर आले होते. पण फळ्यावर ते लिहिलेलं बघून तिची जीभच उचलेना. कापडातली काय आणि मनातली काय, ती तरी कुठं वेगळी करू शकत होती? ती खाली बसली आणि न्हावीदादानं तिच्या पाठीवर थोपटलं.

मग चष्मेवाली बोलायला उभी राहिली, आणि तिचं गल्लीला फारसं आवडलं नाही, कारण तिनं कुणा एकाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. ती म्हणाली, आळस हे उत्तर सोपं आहे म्हणून सगळीकडे मिळतं. पण अंग कसं घडणार यातलं बरंचसं माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो. वर झोप नीट नाही, कामाच्या पाळ्या उलटसुलट, डोक्याला घोर, काही औषधं, जवळपास जे स्वस्त मिळतं तेच खावं लागणं, चालायला धड रस्ता नसणं, अशी बरीच कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. आणि ज्यांना सारखं टोचून बोललं जातं, त्यांचं वजन त्यामुळं उतरत नाही. उलट ती माणसं दवाखान्यात यायचीच टाळतात.

"म्हणजे आता बोलायचंही नाही?" न्हावीदादा पुटपुटला.

"दुसऱ्याच्या अंगाबद्दल? नाही बोललात तर बरं होईल," चष्मेवाली म्हणाली. मागच्या भिंतीपाशी उभी असलेली बेकरीवाल्याची बायको खुदकन हसली.

सभा संपल्यावर मास्तरीणबाई मागे रेंगाळली. चष्मेवाली पिशवी भरत होती. "बाई, एक विचारू? मघाशी मी जे म्हणाले ना, ते खाण्यापिण्याचं नव्हतं." आणि तिनं शिवणीतल्या मायेचं सगळं सांगितलं. उसवणं, इस्त्री, कोट, फोन, सगळं. सांगताना ती स्वतःच्या पदराच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. "त्यानं झाली का हो ती जाड? तिला वेळेवर कळलं असतं, तर..."

चष्मेवालीनं पिशवी खाली ठेवली. "कापड सोडल्यानं कुणी जाड होत नाही. आणि तुम्ही सोडलं नसतं, तर ती बारीक राहिली असती, असंही मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता यायचं नाही."

"मग ती येत का नाही?"

"हे मला कसं माहीत असणार?" बाई अगदी साधेपणानं म्हणाली. "तिलाच विचारायला हवं."

घरी येताना मास्तरीणबाईंना कळेना, आपल्याला बरं वाटतंय की वाईट. इतके दिवस धरून ठेवलेला गुन्हा कुणीतरी हातातून काढून घेतला होता, आणि हात एकदम रिकामे झाले होते. गुन्हा होता तोवर निदान करण्यासारखं काहीतरी होतं. आता फक्त लेकीची आठवण उरली होती, आणि तिला काही टीप घालता येत नव्हती. त्या आठवड्यातली कामं तिनं हातावेगळी केली आणि न कळवता गाडीत बसली.

चिंगीची खोली एका उंच इमारतीत होती, लांबच लांब बोळात सारखी दिसणारी दारं. सकाळ सरत आली होती. चिंगीनं दार उघडलं ते झोपेतून उठून, रात्रपाळी करून ती आत्ता कुठं पडली होती. अंगात दुकानातून घेतलेला पुरुषी, ढगळ सदरा. ती आणखी जाड झाली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस तिनं कापून टाकले होते आणि ते तिला शोभत होते.

"आई?" ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. तिनं सदरा दोन्ही हातांनी पुढे ओढून घेतला. "बघ. बघून घे. काय दिसतं ते सांग. आज खरं सांग."

मास्तरीणबाईंनी वर्षानुवर्षं हे सांगणं चुकवलं होतं. जेवलीस का, हा प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. तिनं तो गिळला.

"जाड झालीस," ती म्हणाली. "आणि थकलीस. आणि मला तुझी इतकी आठवण येते, की मी दुसऱ्यांच्या पोरींचे कपडे शिवताना रडते. केस छान दिसतात."

चिंगीच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते तिलाही कळलं नसावं. ती बाजूला झाली. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर धुतलेले कपडे होते, म्हणून दोघी पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मी तुला जाड केलं असं वाटत होतं मला," आई म्हणाली. "म्हणून तू रागावलीस."

"त्याचा राग नव्हताच गं." चिंगी आपल्या पावलांकडे बघत बोलत होती. "गल्ली बोलायची ना, त्याचं मला काही वाटायचं नाही. ती माणसं सगळ्यांनाच बोलतात. तू बोलायची नाहीस. लोक माझ्यावर हसायचे, तू खाली मान घालून शिवत राहायचीस. त्या दुकानातून आले तेव्हा मला कळलं, की तुला सगळं दिसत होतं. मग मला वाटलं, आईला माझी लाज वाटते. इतकी, की ती कुणाला कळू न देता मिटवत होती."

"लाज?" मास्तरीणबाई तिच्याकडे वळली. "अगं, लाज कसली? तुला लागू नये म्हणून..."

"ते मला कपड्याच्या आतून कसं कळणार?"

मग मास्तरीणबाईंनी लेकीला जवळ ओढलं. ते भलं मोठं, ऊबदार अंग तिच्या कवेत मावलं नाही, आणि तिला ते मावायला नकोच होतं.

ती दोन दिवस राहिली. चिंगी कामाला गेली की ही खिडकीशी बसून बोळातली पावलं ऐके. निघताना बसच्या थांब्यावर तिनं विचारलंच, "घरी येशील?"

"येईन," चिंगी म्हणाली. "पण मी आले की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी काहीतरी म्हणणारच. तेव्हा तू बोलायचंस. सगळ्यांसमोर. मी नाही, तू."

"काय बोलू?"

"ते तू बघ. तोवर मी काही यायची नाही."

बस सुटली. चिंगी हात हलवत उभी होती, आणि वळणावर एका भिंतीमागे दिसेनाशी झाली. मास्तरीणबाई काचेला गाल लावून बसली आणि शब्द जुळवू लागली. न्हावीदादा, तुम्ही गप्प बसा. छे, फार कडक झालं. दादा, जरा ऐकता का? फार मऊ. माझ्या मुलीला काही म्हणायचं असेल, तर आधी... आधी काय? तिचे ओठ हलत होते. शेजारच्या सीटवरच्या बाईला वाटलं, आपल्याशीच बोलताहेत.

"काय म्हणालात?"

"काही नाही," मास्तरीणबाई म्हणाली. मग तिला वाटलं, काही नाही असंच तर आपण आयुष्यभर म्हणत आलो. "लेकीकडे गेले होते."

"अरे वा! कशी आहे लेक?"

बरी आहे, असं म्हणायची रीत असते. तिनं एक मोठा श्वास घेतला.

"जाड आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या दोन सीटांवरची माणसं मागे वळली तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "चांगली जाड आहे. रात्रभर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि कुणावर चिडत नाही. नाक बापाचं आहे. केस कापलेत, फार गोड दिसते. माझी मुलगी आहे ती, आणि मला ती घरी हवी आहे."

शेजारीण गडबडली. "अहो, पण आत्ताच तर भेटून निघालात ना?"

"हो ना," मास्तरीणबाई म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. "आत्ताच."